कार्डाचं बिल थकलेलं असताना दशमांश द्यावा का?

इंदूरच्या सुदामा नगरातून एका ताईंनी विचारलंय: "काका, मी खासगी शाळेत शिकवते, पगार २७,००० आहे, पीएफ वगैरे कापून हातात २४,००० येतात. मिस्टरांचं जेल रोडवर मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, त्यातून सरासरी २२,००० सुटतात. फ्लॅटचा हप्ता चालू आहे, सासूबाई ७३ वर्षांच्या आहेत, त्यांची औषधं असतात, दोन मुलांची फी असते. क्रेडिट कार्डावर ६२,००० थकलेत. वर्षभर मी दोघांच्या मिळकतीचा पूर्ण दशमांश, म्हणजे दहावा हिस्सा, चर्चला देतेय, पण मिस्टरांना त्यातला अर्धाच आकडा माहीत आहे. प्रार्थनासभेत आलेल्या एका पाहुण्या उपदेशकांनी सांगितलं की दशमांश न देणारा देवाला लुटतो, आणि विश्वासाने बी पेरलं तर कर्ज फिटतं. कार्ड तर वाढतच चाललंय. माझा विश्वास कमी पडतोय का? दशमांश एकूण पगारावर द्यायचा की हातात येणाऱ्यावर? की कर्ज फिटेपर्यंत थांबू?" सोबत त्यांनी महिन्याच्या खर्चाची यादी पाठवली आहे.

ताई, सप्रेम सलाम.

आधी उत्तर सांगतो, कारणं मग. देणं थांबवू नका. पण महिन्याला ४,६०० देणं या महिन्यापासून बंद करा आणि कार्ड फिटेपर्यंत १,५०० द्या, तेही मिस्टरांना सांगून. तुमच्या विश्वासात मला काही उणं दिसत नाही. हिशोब चुकलाय, आणि तो चुकण्यात ज्यांनी तुम्हाला अर्धंच शास्त्र सांगितलं त्यांचा मोठा वाटा आहे.

मी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केली आणि मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, खजिनदार म्हणूनही बरीच वर्षं काम पाहतोय. हप्ता थकला म्हणून शाखेत यायला लाजणारी माणसं मी पाहिली, आणि दानाचं पाकीट भरता आलं नाही म्हणून रविवारी उपासनेला यायचंच सोडून देणारीही पाहिली. पुष्कळदा ती एकच माणसं असतात. म्हणून हा विषय माझ्यासाठी नुसता उपदेशाचा नाही.

तुमची यादी मी कागदावर मांडली. फ्लॅटचा हप्ता १४,५००, किराणा, दूध आणि गॅस १३,०००, वीज, पेट्रोल आणि मोबाइल ५,०००, फी ३,५००, औषधं २,८००, आणि कार्डाची किमान रक्कम ३,१००. बेरीज ४१,९००. मिळकत ४६,०००. उरतात ४,१००, आणि तुम्ही देताय ४,६००. म्हणजे कोणी आजारी पडलं नाही, फ्रिज बिघडला नाही, नात्यात लग्न निघालं नाही, तरीही दर महिन्याला पाचशे रुपये कमी पडणारच. ते कार्डावरून येतात. फ्रिज आणि आहेरही कार्डावरूनच आले असणार, कारण बाजूला ठेवायला काही उरतच नव्हतं.

आता कार्डाचं बघा, कारण खरी गळती इथे आहे. थकलेल्या रकमेवर बहुतेक कार्डं महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लावतात. ६२,००० वर ते झालं २,१७०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३९०. तुम्ही भरलेल्या ३,१०० पैकी २,५६० असेच जातात, मुद्दलातून जेमतेम ५४० कमी होतात. आणि त्याच महिन्यात तुम्ही कार्डावर पुन्हा पाचशेचा किराणा भरता. शिवाय मागची बाकी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, ती पहिल्या दिवसापासून व्याजात जाते. अशा स्थितीत वर्षानुवर्षं किमान रक्कम भरली तरी कर्ज जागचं हलणार नाही. यात सैतानाचा हल्ला शोधू नका आणि देवाची नाराजीही शोधू नका. हे व्याजाचं गणित आहे, आणि ते विश्वासणाऱ्याला आणि अविश्वासणाऱ्याला सारखंच लागू होतं.

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट यातूनच निघते. वर्षभरात तुम्ही ५५,००० च्या वर दान दिलंत. त्यातला काही भाग तुमच्या कष्टाचा होता आणि काही भाग बँकेकडून जबर व्याजाने उसना घेतलेला होता. प्रथमफळ म्हणजे आपल्या शेतात पिकलेल्यातलं पहिलं. उसनं आणून वेदीवर ठेवा असं शास्त्रात कुठेही सांगितलेलं नाही.

देवाला लुटण्याचं ते वचन मलाखी संदेष्ट्याचं आहे. ते तुमच्या मनाला लागलंय, तर त्याकडे नीट बघू. तिसऱ्या अध्यायाचं आठवं ते दहावं वचन आपल्याकडे इतक्यांदा वाचलं जातं की त्याच्या आधीचं कोणी वाचतच नाही. पाचव्या वचनात देव ज्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला उठतो त्यांत मजुराची मजुरी बुडवणारे आणि विधवेला, अनाथाला, परक्याला छळणारे आहेत. पहिल्या दोन अध्यायांत सगळ्यात कडक शब्द याजकांना आहेत, कारण ते आंधळी, लंगडी जनावरं वेदीवर चढवत होते. म्हणजे लुटण्याचा आरोप साऱ्या राष्ट्रावर आहे आणि त्यात धर्माचे पुढारी पहिले आहेत. हप्ते भरून, सासूची औषधं आणून उरलेल्यातून देणारी बाई त्या आरोपीच्या पिंजऱ्यात नाही.

आणि मलाखी दशमांश ज्या भांडारात आणायला सांगतो ते कसलं होतं? धान्य, द्राक्षारस आणि तेल साठवायच्या मंदिरातल्या खोल्या. नहेम्याच्या तेराव्या अध्यायात त्याचं चित्रच आहे. एक मोठी खोली याजकाने आपल्या नातलगाला, तोबीयाला, राहायला दिलेली. लेव्यांना, म्हणजे मंदिरातल्या सेवकांना, त्यांचा वाटा मिळेना, म्हणून उपासना सोडून ते आपापल्या शेतावर निघून गेलेले. नहेम्याने तोबीयाचं सामान बाहेर फेकलं, लेव्यांना परत आणलं आणि भांडारावर विश्वासू माणसं नेमली. 'माझ्या घरात अन्न असावं' हे मलाखीतले शब्द या पार्श्वभूमीवर वाचा. दशमांश होता तो कोणाच्या तरी पोटासाठी. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात तर दर तिसऱ्या वर्षी तो गावातच ठेवायला सांगितलाय: लेव्यासाठी, परक्यासाठी, अनाथासाठी, विधवेसाठी. त्यांनी खाऊन तृप्त व्हावं म्हणून. ज्याच्या घरात कमी आहे त्याच्या घरातून काढून नेण्यासाठी हा नियम नव्हताच, त्याच्या घरी पोचवण्यासाठी होता. मोजला जायचा तोही धान्य, फळं आणि गुरं यांच्या वाढीवर. पीक आलं नाही तर दहावा हिस्सा कशाचा काढणार?

त्याच मलाखीतलं आकाशाच्या खिडक्या उघडण्याचं वचन खरं आहे, माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. पण ते पाऊस, पीक आणि द्राक्षवेलींबद्दल एका राष्ट्राला दिलेलं वचन आहे. त्यावरून एकेका घरच्या कर्जफेडीचा करार बनवणं म्हणजे देवाच्या तोंडी नसलेले शब्द घालणं. 'बी पेरा, शंभरपट घ्या' असं सांगणाऱ्यांनी तर मार्कच्या चौथ्या अध्यायातला दाखलाच उलटा केलाय. तिथे बी म्हणजे वचन आहे, नोटा नव्हेत. देवाचं दान पैशाने मिळतं असं समजणाऱ्या शिमोनाला पेत्राने काय सुनावलं ते प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात वाचा. असं शिकवणारा माणूस कितीही गोड गात असला तरी त्याच्या हातात पाकीट देऊ नका.

नव्या करारात मंडळ्यांना दहा टक्क्यांचा हुकूम मला कुठे सापडलेला नाही. प्रेषितांच्या पंधराव्या अध्यायात यहुदीतर विश्वासणाऱ्यांना काय पाळायचं ते कळवलंय, त्यात दशमांश नाही. म्हणून देणं सोपं झालं असं मात्र कोणी समजू नये. प्रेषित पौल करिंथकरांना पत्रात आठवड्याच्या पहिल्या दिवशी, प्रत्येकाने आपल्या प्राप्तीप्रमाणे बाजूला काढून ठेवायला सांगतो. म्हणजे नियमाने, ठरवून, आणि सगळं खर्चून झाल्यावर उरलेल्या चिल्लरीतून नव्हे. दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायातलं बारावं वचन मी तुमच्यासाठी अधोरेखित करीन: उत्सुकता असली की ज्याच्याजवळ जे आहे त्याप्रमाणे ते मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही. तुमच्याजवळ उत्सुकता आहे. नाही ते आहे ४,६००.

काही पाळक, ज्यांचा मी मनापासून आदर करतो, ते म्हणतील की दहा तर दहाच, बाकीचं देव बघेल. त्यांच्या म्हणण्यात एक मोलाची गोष्ट आहे: ठरलेला आकडा नसला की माणसाचं देणं आटत जातं, हे मी दानाच्या नोंदवहीत वर्षानुवर्षं पाहिलंय. म्हणूनच मी तुम्हाला 'जमेल तसं द्या' म्हणत नाही, १,५०० म्हणतोय. पण 'बाकीचं देव बघेल' म्हणणाऱ्याने बँकेचे, वाण्याचे आणि औषधवाल्याचे पैसे देवाच्या नावावर टांगू नयेत. मार्कच्या सातव्या अध्यायात येशूने परूश्यांना, त्या काळच्या कर्मठ धर्मपंथाच्या लोकांना, नेमकं यावरच धरलंय: आईबापांना जे द्यायचं ते 'कुर्बान' म्हणून देवाला वाहिलं आणि मोकळे झाले. तुम्ही सासूबाईंची औषधं बंद केली नाहीत, पण तुम्हीच लिहिलंय की दोनदा त्यांची तपासणी पुढे ढकलली. ती या महिन्यात करून घ्या.

आता विश्वासाबद्दल. पैसे पुरले नाहीत म्हणजे विश्वास कमी, हे समीकरण धरलं तर पौलालाच आधी बाहेर काढावं लागेल. फिलिप्पैकरांना तो लिहितो की भुकेलं राहायलाही मी शिकलोय. हबक्कूक संदेष्टा तर अंजिराला फूल नाही, गोठ्यात गुरं नाहीत असं सगळं मोजून सांगतो आणि तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन म्हणतो. त्याने गोठा रिकामा असल्याचं लपवलं नाही. देवावर भरवसा ठेवणारा माणूस आपली वही उघडी ठेवू शकतो, कारण त्यातल्या वजा आकड्यांनी देव दचकत नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला इथे नेहमी आठवतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरून मुली आणि विधवांना घेऊन गेल्या, पुढे त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. एवढी तोंडं पोसायची आणि हातात ठरलेली मिळकत नाही. त्या ज्यांच्या चरित्राने भारावल्या होत्या ते ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर अनाथाश्रमासाठी माणसांपुढे हात पसरत नसत, देवापाशीच मागत. पण म्युलर कर्ज काढत नसत, आणि आलेल्या पै-पैचा हिशोब दरवर्षी छापत, ही अर्धी गोष्ट उपदेशात येत नाही. रमाबाईंनीही प्रार्थनेसोबत विहिरी खणल्या, शेती केली, मुलींना विणकाम आणि छपाई शिकवली. गुडघे टेकणारे हे लोक हिशोबाला आणि कामाला कधी चुकले नाहीत.

आता मिस्टरांचं. माझ्या मते तुमच्या घरात सगळ्यात आधी हे सुधारायला हवं. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रातलं ते प्रसिद्ध वचन आनंदाने देण्याबद्दल आहे, आणि तिथेच 'मनात ठरवल्याप्रमाणे, कुरकुरत किंवा भाग पडलं म्हणून नव्हे' असंही आहे. त्यांच्या गल्ल्यातल्या कमाईचा दहावा हिस्सा तुम्ही त्यांना न सांगता देता तेव्हा त्यांनी काहीच ठरवलेलं नसतं. ते रागावतील, त्यांना रागवू द्या. त्यांच्या रागाला 'तुमचा विश्वास नाही' हे उत्तर मात्र देऊ नका. दुकान चालवणाऱ्या माणसाला महिन्याचा शेवटचा आठवडा कसा जातो ते त्यालाच माहीत असतं.

दुकानाच्या कमाईचा हिशोबही नीट करायला हवा. समजा डिस्प्ले बदलायला ग्राहकाकडून २,४०० घेतले. पार्ट १,८०० चा. हातात सहाशे, त्यातून दुकानाचं भाडं, वीज, पोऱ्याचा पगार, आणि कधी बदललेला पार्ट परत आला तर त्याचा भुर्दंड. तुम्ही म्हणता ते २२,००० हे सगळं जाऊन उरणारे आहेत की गल्ल्यातून घरी आणलेले? मला वाटतं घरी आणलेले, आणि पार्टवाल्याची उधारी अजून बाकी असणार. तसं असेल तर तुमची मिळकत ४६,००० नाहीच. दशमांश असो की दुसरं काही, व्यापाऱ्याने ते विक्रीवर कधीच काढू नये. तीन महिने रोजची आवक-जावक एका वहीत लिहा, मग कळेल.

एकूण पगार की हातातला, यावर मंडळीत वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही. हातात येणाऱ्यावर द्या, आणि पुढे पीएफ मिळेल तेव्हा त्यावर द्या. एकूण पगारावर देत असाल तर पीएफवर पुन्हा देण्याची गरज नाही. दोन्ही प्रामाणिक आहेत.

सगळं दान चर्चलाच द्यावं का, हे तुम्ही विचारलं नाही, पण पुढे विचाराल. मोठा भाग जिथे तुम्हाला वचन मिळतं तिथेच द्या. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे लोक १८७७ मध्ये इंदूरला आले, शाळा, दवाखाने, कॉलेज उभं राहिलं, आणि कितीतरी वर्षं खर्च परदेशातून भागत होता. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हापासून आपल्याकडच्या मंडळ्यांना आपल्या पाळकाचा पगार आपणच द्यायचाय, ही जाणीव अजून पुरती रुजलेली नाही. तुमच्या १,५०० पैकी दोनतीनशे कोणा गरजवंताच्या घरी गेले तर मला त्यात अनुवादाचा चौदावा अध्यायच दिसतो. आणि मंडळीला हिशोब विचारा. आमच्याकडे उपासना संपली की थैली दोन माणसांसमोर टेबलावर रिकामी होते. चौपदरी घडी घातलेल्या दहाच्या नोटा एकेक उलगडाव्या लागतात, नाणी वेगळी, पाकिटं वेगळी. आकडा वहीत लिहून दोघांच्या सह्या होतात, आणि त्यात गरीब फंडाचा रकाना वेगळा असतो. जिथे असं होत नाही तिथल्या खजिनदाराला प्रेमाने पण स्पष्ट विचारावं.

तर या महिन्यात काय करायचं. उरणारे ४,१०० तीन ठिकाणी जातील: १,५०० दान, १,५०० अडीअडचणीसाठी वेगळ्या खात्यात, १,१०० कर्जाकडे. दानाचे पैसे पगार आला त्याच दिवशी बाजूला काढा, ही पहिलेपणाची शिस्त सोडू नका. कार्ड वापरणं बंद. मग बँकेत जाऊन कार्डाची बाकी हप्त्यांत बदलून मागा, किंवा त्याहून स्वस्त पर्सनल लोन बघा. वर्षाला १६ टक्क्यांनी ६२,००० चे २४ हप्ते केले तर हप्ता ३,०४० च्या आसपास बसतो. आज किमान रक्कम म्हणून भरताय त्याहून कमी, आणि दोन वर्षांत सगळं निल. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडण्याचा दंड किती, ते लेखी घ्या. दंड नसेल तर ते १,१०० त्यातच भरत जा, दोन वर्षंही लागणार नाहीत.

सासूबाईंची औषधं डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घेता येतात का बघा, बीपी-शुगरच्या गोळ्यांत बराच फरक पडतो. आणि त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, मिळकत कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे दवाखान्यात भरती होऊन घेतलेले उपचार त्यात मिळतात. रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत, पण एका ऑपरेशनने घर कर्जात बुडण्याची धास्ती जाते.

कार्ड फिटलं की १,५०० वर थांबू नका. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींबद्दल सांगतात की ऑक्सफर्डला ३० पौंड मिळायचे तेव्हा ते २८ त भागवून २ द्यायचे, आणि ६० मिळू लागले तेव्हाही २८ तच भागवून ३२ द्यायचे. मोकळे होणारे तीन हजार घरखर्चात विरघळण्याआधीच त्यातले किती द्यायचे ते दोघांनी मिळून ठरवा. दहाव्या हिश्श्यापर्यंत या, आणि पुढे देवाने वाढवलं तर त्याच्याही पुढे जा.

मंडळीकडे मदत मागायची वेळ आली तर मागा. वर्षभर तुम्ही ज्या फंडात टाकलंत तो तुमच्यासारख्यांसाठीच आहे. मिस्टरांशी बोलणं झालं की कार्डाची मागच्या सहा महिन्यांची स्टेटमेंट आणि दुकानाची वही घेऊन दोघंही या. रविवारी उपासनेनंतर दान मोजून होईपर्यंत मी तिथेच असतो.